तिसऱ्या टेकडीचं वळण

रोलंड प्यू हा माणूसच मुळात धास्तावलेला. घराबाहेर पडताना दाराची मूठ तीनदा ओढून बघायची, फाटकापर्यंत जायचं आणि चौथ्यांदा ओढायला परत यायचं. इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या अरुंद रस्त्यांवरून त्यानं एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला आणि त्यावर एक ओरखडा उठू दिला नाही. बायको मेरियल म्हणायची, "टँकर नवाकोरा राहिला, ड्रायव्हर मात्र पार झिजला."

टँकरमधून टेकड्या कायम खालूनच दिसायच्या. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तो पहिल्यांदा वर चढला, आणि मग चढतच राहिला. माथ्यावर वारा कानात शिरला की त्याच्या छातीतली गाठ सैल व्हायची. खाली मेंढ्या, शेतांची कुंपणं, चर्चचा मनोरा, सगळं एवढंएवढंसं. तो फ्लास्कमधला चहा ओतायचा आणि वहीत लिहायचा : इथून वेल्सचे डोंगर दिसतात, इथून नदीचं वळण, इथं बसायला चपटा दगड आहे.

त्या वहीपायीच पुढचं सगळं घडलं. गावसमितीची चिटणीस डॉरिन मिलिचॅप हिनं एकदा ती वही चाळली आणि म्हणाली, "रोलंड, याचं पत्रक काढू या. एका दिवसात सहा टेकड्या. बाहेरची माणसं येतील, आपलं दुकान चालेल, पब चालेल." रोलंडनं महिनाभर खपून मजकूर लिहिला. पाचशे प्रती छापल्या, खाली त्याचं नाव. टेकडीच्या पायथ्याशी गाड्या लावायच्या जागेत लाकडी पेटी ठोकली, तीत पत्रकं ठेवली.

एप्रिलमधल्या एका सकाळी तो नाश्त्याला बसला होता. उगाच, स्वतःच्या नावाकडे बघायचं म्हणून त्यानं पत्रक उघडलं. तिसरी टेकडी, कॉल्डर. 'झाडीतून बाहेर आल्यावर वाट दुभंगते. डावीकडे वळा.'

टोस्ट हातातच राहिला. डावीकडे माथा नव्हता. डावीकडे जुनी दगडाची खाण होती. कडेला पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं इतकी माजलेली, की त्यांच्यापलीकडे साठ फूट खोल कडा आहे हे जवळ जाईपर्यंत कळत नसे.

डॉरिननं टाइप करताना घोळ केला असणार, असं म्हणून त्यानं श्वास सोडला. मग वर जाऊन स्वतःचा कच्चा मजकूर काढला. त्याच्याच हस्ताक्षरात, ठसठशीत, 'डावीकडे'. तो नेहमी पलीकडच्या बाजूनं चढायचा आणि तिकडून येताना माथा डावीकडेच लागायचा. लिहिताना हात सवयीनं चालला होता.

सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण एकतीस वर्षं ओरखडा न लागलेल्या माणसाला ते जमेना. त्यानं पेटीतली पत्रकं उचलली आणि बागेतल्या खोपटात, कुंड्यांच्या मागे, लपवली. दुकानातली उचलली, पबमधली उचलली. आठवड्यानं डॉरिन रस्त्यात भेटली ती हसतच.

"अरे, हातोहात संपताहेत! मी पेटी पुन्हा भरली. आणखी पाचशे छापायला टाकलीत."

"आणखी पाचशे?" रोलंडनं विचारलं.

"लाजतोस काय असा? लेखक झालास की रे तू!"

आता पत्रकं उचलून उपयोग नव्हता. त्या दिवसापासून तो रोज सकाळी दुभंगलेल्या वाटेशी जाऊन उभा राहू लागला. कोणी आलं की टोपीला हात लावून म्हणायचा, "माथा उजवीकडे बरं का." लोक आभार मानून जायचे. एका माणसानं पत्रक दाखवून हुज्जत घातली, "यात तर डावीकडे लिहिलंय. लिहिणाऱ्याला माहीत असेल ना?" रोलंड म्हणाला, "लिहिणारा गाढव आहे," आणि त्याला हाताला धरून उजवीकडे लावून दिलं.

पाऊस असो, गारठा असो, तो दहा ते चार तिथं उभा असायचा. झोप उडाली. दुपारचा डबा तसाच घरी परत यायचा. मेरियलनं विचारलं तर म्हणायचा, "हवा चांगली आहे वरची."

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मेरियलला डोळे तपासायला श्रूजबरीच्या इस्पितळात न्यायचं होतं. ते टळण्यासारखं नव्हतं. दिवसभर तो खुर्चीत बसून खिडकीतून ढग बघत राहिला. परतताना साडेतीन वाजले. कॉल्डर टेकडी अर्ध्यावरून ढगात बुडाली होती. पायथ्याशी एक हिरवी गाडी उभी होती, मागच्या सीटवर कुत्र्याची दुलई, आणि पुढच्या काचेपाशी त्याचंच पत्रक.

त्यानं गाडी थांबवली.

"काय झालं?" मेरियलनं विचारलं. तिच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला सगळं धूसर दिसत होतं.

"वर कोणीतरी आहे. इथंच बस. दार आतून लावून घे."

"रोलंड, तुझ्या पायात इस्पितळासाठी घातलेले चांगले बूट आहेत!"

तो तोवर कुंपणाची लाकडी पायरी ओलांडून गेला होता. ओल्या गवतावर तो दोनदा घसरला. झाडीत शिरल्यावर धुकं इतकं दाट झालं, की दहा पावलांपुढचं दिसेना. वाट दुभंगते तिथं चिखलात दोन जोड बुटांचे ठसे आणि कुत्र्याचे पंजे. सगळे डावीकडे गेलेले.

त्याला ओरडावंसं वाटलं, पण आवाज ऐकून कोणी दचकून पाऊल चुकवलं तर? तो तोंडावर हात दाबून चालत राहिला. मग कुत्रं भुंकलं. पुढं धुक्यात दोन आकृत्या उमटल्या. साठीपुढच्या दोन बायका झुडपांमधल्या मोकळ्या पट्टीवर जाजम पसरून सँडविच खात बसल्या होत्या. कुत्रं झुडपाच्या बुंध्याला बांधलेलं. एकीची पाठ पलीकडच्या बाजूला होती, आणि त्या पाठीमागे दोन हातांवर जमीन संपत होती.

"या, या," समोरची म्हणाली. "इथून तीन परगणे दिसतात म्हणे! आम्हाला आमचे बूटही दिसेनात."

"बाई," रोलंड म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "मी सांगतो तसं करा. आधी सँडविच खाली ठेवा. उभं राहू नका. गुडघ्यांवर रांगत माझ्याकडे या. दोघीही."

"रांगत? या वयात?" पाठ केलेली हसली आणि उठायला हात मागे टेकला.

"मागे नको!"

ती जागच्या जागी थिजली. दुसरीनं तिचा कोट घट्ट पकडला. दोघी रांगत आल्या. रोलंडनं हात पुढे करून एकेकीला ओढून घेतलं, मग कुत्र्याची दोरी सोडली. वाऱ्याचा एक झोत आला आणि धुकं क्षणभर फाटलं. जाजमाच्या कडेपुढे उभा तांबूस कातळ सरळ खाली गेलेला दिसला, तळाशी काळं पाणी.

धुकं पुन्हा मिटलं.

आयव्ही आणि हेस्टर या दोघी बहिणी, स्टोकहून आलेल्या. कड्याकडे पाठ करून बसली होती ती हेस्टर. आयव्हीनं खिशातून पत्रक काढलं. "आम्ही अगदी यात लिहिलंय तसंच आलो. ज्यानं कोणी हे लिहिलंय त्याला—"

"मी लिहिलंय," रोलंड म्हणाला. "चूक मला महिन्याभरापूर्वीच कळली. कोणाला सांगितलं नाही."

आयव्हीनं पत्रकाची सुरळी करून त्याच्या खांद्यावर एकदा जोरात हाणली. "महिनाभर! अहो, माझी बहीण आहे ती!" आणि ती रडायला लागली. हेस्टरच तिची समजूत घालू लागली.

खाली उतरेपर्यंत रोलंड दोघींच्या पुढे चालत होता आणि दर दहा पावलांवर मागे वळून बघत होता.

त्याच संध्याकाळी तो मेरियलला घेऊन डॉरिनच्या दारात गेला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डॉरिन पांढरी पडली.

"मीच टाइप केलं की ते. आणि वाचलं नाही. एक अक्षरही वाचलं नाही, नुसतं उतरवलं." मग तिचा पारा चढला. "आणि तू पत्रकं चोरत होतास? मी मेली गावभर सांगत सुटले, काय मागणी आहे, काय मागणी आहे!"

"खोपटातली मी पाहिली होती," मेरियल म्हणाली. "मला वाटलं, स्वतःचं नाव छापलंय म्हणून म्हातारा साठवतोय."

हसायला कोणालाच आलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघांनी मिळून पेटी, दुकान, पब सगळीकडची पत्रकं गोळा केली. छापखान्याला फोन करून नव्या पाचशे प्रती थांबवल्या. जूनमध्ये खाणीच्या कडेनं तारेचं कुंपण आलं. समितीच्या बैठकीत दोघांनी रोलंडला फैलावर घेतलं, एकानं बाजू घेतली. त्यानं दोन्ही मुकाट ऐकून घेतलं.

ऑगस्टमध्ये नवं पत्रक निघालं. त्यावर नाव नको असं त्यानं स्वतःच सांगितलं. छापण्याआधी चार वेगवेगळ्या माणसांनी कागद हातात धरून सहाही टेकड्या चालून पाहिल्या, आणि त्यातली एक होती आयव्ही. ती मुद्दाम स्टोकहून आली. कॉल्डरच्या माथ्यावर ऊन होतं. तीन परगणे दिसत होते. तिनं फ्लास्क उघडला आणि दोन पेल्यांत चहा ओतला.

"बसा हो जरा," ती म्हणाली. "तुम्ही सारखे खाणीकडच्या उताराकडेच बघताय."

रोलंड बसला. तिच्या आणि उताराच्या मधोमध.