टूथपेस्ट आणि तेरावी डिस्क

लहान वयात भावाबरोबर भागीदारीत घेतलेला गेमचा कन्सोल आणि तेरा डिस्क मी राहुरीच्या घरात जपून ठेवल्यात. डिस्क कधीतरी खराब होणारच, म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या कॉप्या लॅपटॉपवर घ्यायला बसलो. नुसत्या कॉप्या घेऊन थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला त्या तपासायच्याही होत्या.

तपासायची रीत सोपी आहे. कॉम्प्युटर फाइल वाचून अक्षर-आकड्यांची एक लांब ओळ काढतो, तिला चेकसम म्हणतात. फाइलमध्ये कणभर फरक असला तरी ओळ पार बदलते. जगभरच्या हौशी लोकांनी अस्सल डिस्कच्या ओळींची यादी इंटरनेटवर ठेवलीय. आपली ओळ तिच्याशी जुळली की कॉपी चोख.

बारा जुळल्या. तेरावी, आमची लाडकी मोटारशर्यत, जुळेना.

मी ती कॉपी पुसली, पुन्हा घेतली. ओळ वहीत टिपून ठेवली होती, तीच पुन्हा आली. दोनदा एकच ओळ येते म्हणजे कॉपी बरोबर असणार, हे कुणालाही कळलं असतं. मी मात्र डिस्कच बाद झाल्याचा निकाल दिला, दुसरी कॉपीही पुसली आणि कोल्हारला भावाला फोन लावला.

"आरं, पन गेम चालतीया का न्हाई?" त्यानं विचारलं.

"चालते."

"मंग जुळवायचं काय त्यात? लगीन हाय का?"

त्याला यातलं काही समजत नाही, असं मनाशी ठरवून मी फोन ठेवला. मग टूथपेस्ट घेतली. तिनं डिस्कवरचे ओरखडे जातात असं कुठंसं वाचलं होतं. अर्धा तास मन लावून घासली. धुऊन, पुसून ड्राइव्हमध्ये घातली, तर आतून गिरणीसारखी घरघर आली आणि 'डिस्क वाचता येत नाही' असा निरोप.

तेव्हा कुठे मी यादी नीट वाचली. त्या गेमच्या नावाच्या दोन ओळी होत्या. वरची जपानमधल्या डिस्कची, खालची युरोपातल्या डिस्कची. मी ताडत होतो वरच्या ओळीशी, आमची डिस्क मात्र युरोपातली. वहीत टिपलेली ओळ खालच्या ओळीशी अक्षर न् अक्षर जुळली. म्हणजे दोन चोख कॉप्या मी स्वतःच्या हातानं पुसल्या होत्या आणि चांगली डिस्क घासून मारली होती.

बायको शाळेत शिक्षिका आहे. माझा चेहरा बघून म्हणाली, "अहो, झालं काय?"

सांगितलं. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं.

ती पर्स घेऊन आली, त्यातून पेन ड्राइव्ह काढला. "तुम्ही पहिली कॉपी पुसून दुसरी घेतलीत ना, तेव्हा माझ्या प्रश्नपत्रिका उडतील म्हणून सगळंच यात घेतलं होतं. बघा, त्यात तुमचं काही आलंय का."

आलं होतं. चेकसम काढला, जुळला. मी तिला तो मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो, तेव्हा तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"ते राहू द्या. खेळायचं कसं ते दाखवा."

कन्सोलचे गेम चालवणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर होताच; दाखवलं. पहिल्या शर्यतीत माझी गाडी कठड्यावर आदळून उलटी झाली. तिसऱ्या शर्यतीपासून ती मला हरवायला लागली, ते अजून थांबलेलं नाही.