काशीदच्या चौकीतला हॉलंडकर

निखिलचा फोन आला तेव्हा बॅगा भरून झाल्या होत्या. त्याच्यासाठी केलेले बेसनाचे लाडू सगळ्यात वर होते, फुटू नयेत म्हणून.

"बाबा, रजा नाही मिळाली. पण खोल्या आता रद्द होत नाहीत. तुम्ही दोघं तरी जाऊन या."

आमचा एकुलता एक निखिल पाच वर्षांपूर्वी नोकरीसाठी हॉलंडला गेला. मध्ये एकदाच, बारा दिवसांसाठी येऊन गेला. या वेळी तिघांनी मिळून रायगडच्या समुद्रावर जायचं, काशीदला राहायचं, हे त्यानंच ठरवलेलं. मी लगेच बॅगा सोडायला निघालो, पण मंगल, माझी बायको, म्हणाली, "राहू द्या तशाच. घरात बसून तरी काय करायचंय? त्याच्या खोलीच्या दाराकडंच बघत बसायचं ना?"

तर अशा रीतीनं आम्ही फलटणहून निघालो. मी एकोणतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, त्यामुळे दुसऱ्या वाहनावर माझा विश्वास नाही. स्वारगेटला गाडी बदलली, अलिबागला बदलली. पेणच्या पुढं मिठागरं लागली, पांढऱ्या ढिगांच्या रांगाच रांगा. आमच्या दुष्काळी डोळ्यांना एवढं नुसतं साचलेलं पाणी बघायची सवय नाही. रेवदंड्याचा खाडीपूल ओलांडला, कोर्लई गेलं आणि उजव्या खिडकीत एकदम समुद्र आला. गाडीतले सगळे पेंगत होते, आम्ही दोघंच उभे राहिलो. आयुष्यभर मी लोकांना "उभं राहू नका, बसून घ्या" म्हणत आलो, त्या दिवशी नव्या कंडक्टरनं मला तेच सुनावलं.

"निखिल याच्या पलीकडंच ना?" मंगलनं विचारलं.

"समोर अरबस्तान लागतं. हॉलंड लांब वर, कोपऱ्यात."

"पण पलीकडंच ना?"

मी हो म्हणालो. भूगोल शिकवायची ती वेळ नव्हती.

काशीदच्या पुढं मुरुडच्या रस्त्याला फरीदाभाभींच्या घरी आमच्या दोन खोल्या होत्या. भाभींचे यजमान कुवेतला. भाभींनी दोन्ही खोल्यांत चादरी घातलेल्या, दोन्हींत पाण्याचे तांबे भरून ठेवलेले. मी म्हणालो, "एकच उघडा, मुलगा आला नाही."

"नसंल आला. पर खोली त्याच्या नावाची हाय ना? आमचे साहेब दीड वर्षात आले न्हाईत, तरी त्यांचा बिछाना मी रोज झटकते."

मंगल तशीच त्यांच्यामागं आत गेली. जेवायच्या वेळेपर्यंत दोघी चुलीपाशी बसून अशा बोलत होत्या, जणू एकाच गल्लीत वाढल्या. जेवणात सुरमई होती, तांदळाची भाकरी होती आणि शेवटी सांदण (तांदळाच्या रव्यात नारळाचं दूध घालून वाफवलेला गोड पदार्थ). मी तीन खाल्ली. दुःखात माझी भूक वाढते, हा माझा जुना दोष आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. काशीदचा किनारा दिसायला साधाभोळा, पण पायाखालची वाळू एकदम उतरती आहे. लाल बावटा लावलेला होता, पाटीही होती. पण जन्मभर दुसऱ्यांना "पाटी वाचा" म्हणणारा माणूस स्वतः कधी पाटी वाचत नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी आत गेलो. एक लाट पायाखालची वाळू घेऊन गेली, दुसरी मला. नाकातोंडात पाणी गेलं, चष्मा समुद्रार्पण झाला आणि कोणीतरी बखोटीला धरून मला बाहेर ओढलं.

चष्म्याविना मला फक्त एक उंच, पिवळं जाकीट दिसलं. वरून आवाज आला, "काका, पान्यात न्हाय जावाचा. वाळू पळते."

मराठी तर अस्सल रायगडी होतं, पण बोलणाऱ्याचे केस मक्याच्या कणसासारखे पिवळे. मला वाटलं, पाणी डोक्यात गेलं.

सुरूच्या झाडांखाली पर्यटन पोलिसांची छोटी चौकी होती. तिथं मला टॉवेल आणि चहा मिळाला. मंगलनं दुसरा चष्मा पर्समधून काढून दिला. आपला नवरा समुद्रावर चष्मा हरवणार, हे तिनं फलटणलाच गृहीत धरलं होतं. चौकीचे हवालदार म्हात्रे जाडजूड आणि गमत्या माणूस.

"आजोबा, पोहता येतंय काय?"

"विहिरीत येतं."

"ह्यो समुद्र हाय. हितं काठ न्हाय धरायला."

पिवळ्या केसांचा तो तरुण परदेशी स्वयंसेवक होता. नाव यान. मुरुडजवळ एका संस्थेत किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या कामासाठी आलेला, आणि शनिवार-रविवारी चौकीत मदत करणारा. त्याच्यासारखे आणखी दोघं होते, त्यातली एक फ्रेंच बाई चुकलेली मुलं सांभाळण्यात पटाईत. यानचं नाव म्हात्रेंच्या जिभेला पातळ लागलं म्हणून त्यांनी त्याचा जनार्दन केला होता.

"या परदेशी माणसांना अधिकार काय?" मी विचारलं. सरकारी नोकरीतला माणूस आधी हेच विचारतो.

"अधिकार कसला? काठी न्हाय, पावती न्हाय. पर काम आमच्यापेक्षा जास्त करतो ह्यो. शिट्टी मारून मारून आमचे गाल दुखले, कोन भायेर येत न्हाय. आन् ह्यो गोरा दिसला की सगळी पोरं सेल्फी काढाया धावतात. मंग आम्ही काय करतो, भरतीचा टायम झाला की ह्याला पान्यापासून लांब, सुरूच्या खाली उभा करतो. समुद्र आपसूक रिकामा!"

मला आधी ही थाप वाटली. पण म्हात्रेंनी यानला विचारलं, "जनार्दन, आज काय?" यान भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून म्हणाला, "द्वितीया. दोन पाऊण दीड."

इकडचे कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मी शाळेत छड्या खाऊन पाठ केली होती. निखिलला कधी शिकवली नाही, आता कशाला लागते म्हणून. आणि हा गोरा पोरगा ती म्हणत होता. दीडच्या आधी तो सुरूखाली जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून हसला. खरंच, कमरेएवढ्या पाण्यातली चाळीस-पन्नास माणसं मोबाईल उंच धरून बाहेर आली. मी एस.टी.त असतो तर प्रत्येक गाडीला असा एक गोरा मागितला असता.

गर्दी ओसरल्यावर मंगलनं पिशवीतून लाडवांचा डबा काढला. यान खाली बसून खाऊ लागला. त्याच्याकडं ती ज्या डोळ्यांनी बघत होती, तसं माझ्याकडं तिनं उभ्या संसारात बघितलं नाही.

"तुझं गाव कुठलं रे बाळा?"

"हॉलंड."

मंगलचा हात डब्यावरच राहिला. "मग आमच्या निखिलला ओळखत असशील!"

मी कपाळाला हात लावला. "अगं, हॉलंड म्हणजे काय फलटण आहे?" पण तिनं मोबाईलवर निखिलचा फोटो काढलाच. यान मात्र हसला नाही. फोटो हातात घेऊन नीट बघितला आणि दिलगिरीनं म्हणाला, "न्हाय. कुठं राहतो?"

"आइंडहोवन," मी सांगितलं.

"माझी आई तिथून जवळ. ट्रेननं अर्धा तास."

"अर्धा तास म्हणजे फलटण-बारामती झालं की!" मंगल म्हणाली. आणि मग तिनं जे काढलं, ते फक्त आमच्याकडच्याच बाईला सुचेल. आमच्याकडं मुलं बारामतीला शिकायला असतात, तेव्हा ज्या घरचं कोणी तिकडं निघेल त्यानं चार घरचे डबे न्यायचे, अशी रीत आहे. एकानं दुसऱ्याच्या पोराला जेवू घालायचं, दुसऱ्यानं पहिल्याच्या. "असं करू," ती म्हणाली. "मी आहे तोवर तुला जेवायला घालते. तुझ्या आईनं तिकडं माझ्या निखिलला एक डबा पोचवायचा. तिला सांग फोन करून."

यानचा लाडू अर्ध्यावर थांबला. "आईला फोन न्हाय करत मी. दोन वर्षं झाली."

"का रे? भांडलास?"

"भांडन न्हाय." तो शब्द शोधत होता. "मी घरी जातो. अजून बूट काढला न्हाय, आई विचारते, किती दिवस? परत कधी येनार? मी तिथंच हाय, तरी ती मोजते. मला वाईट वाटतं. मंग मी जात न्हाय. मंग फोनवर पन तेच. मंग फोन न्हाय."

मंगलनं डब्याचं झाकण लावलं. त्या संध्याकाळी भाभींच्या ओट्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "अहो, निखिल आला तेव्हा मीपण तसंच केलं होतं का?"

केलं होतं. तो पाण्याचा घोट घेत होता आणि हिनं विचारलं होतं, "रजा किती दिवसांची?" मी तेव्हा बाजूलाच उभा होतो, कारण मलाही तेच ऐकायचं होतं. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता नाही विचारायची मी. शपथ." आणि रडली. मलाही निखिलची इतकी आठवण आली की उठून त्याच्या खोलीत गेलो आणि भाभींनी घातलेल्या त्या चादरीवर उगीच बसून आलो.

रविवारी किनाऱ्यावर जत्रेसारखी गर्दी होती. तृतीया, तीन पाऊण सव्वादोन. मंगल तळलेल्या बांगड्यांचा डबा घेऊन दुपारी एक वाजताच चौकीत हजर. यान जेवला आणि म्हणाला, "काकी, फोन केला तर काय सांगू? दोन वर्षांनी काय सांगतात?"

मला वाटलं होतं, मंगल माया, आई, कर्तव्य असलं काहीतरी बोलेल. तिनं निखिलचा पत्ता लिहिलेला कागद त्याच्या हातात ठेवला. "आईला म्हणावं, एक डबा पोचवायचाय. काम असलं की बोलायला सोपं जातं."

याननं कागदाची घडी करून ती खिशात ठेवली. तेवढ्यात म्हात्रेंनी हाक मारली आणि तो सुरूखाली उभा राहायला गेला. पोरं भराभर बाहेर आली. फोटो काढले जात असतानाच त्यानं एकदम मोबाईल कानाला लावला.

पुढं जे झालं ते म्हात्रे अजून सांगत असतील. फोनवर बोलताना माणूस चालतो. यानही बोलता बोलता चालू लागला, आणि नेमका समुद्राकडं. त्याच्यामागं सेल्फीवाली सगळी पलटण. घोट्यापर्यंत पाणी, पोटऱ्यांपर्यंत पाणी, त्याला शुद्धच नाही. भरती ऐन जोरात. म्हात्रे शिट्टी फुंकत धावले, "ए जनार्दन! तूच आत चाललास तर भायेर कोन येनार?"

माझ्या अंगात एस.टी. संचारली. एकोणतीस वर्षं भरल्या गाडीत "पुढं सरका" ओरडलेला गळा माझा. पाण्याच्या कडेला उभा राहून मी ओरडलो, "ए, मागं सरका! मागं सरका! मधे थांबू नका!" आणि काय सांगू, अख्खी गर्दी निमूट मागं सरकली. म्हात्रेंनी यानला दंडाला धरून बाहेर आणलं. तो लहान मुलासारखा रडत होता, आणि फोन कानालाच होता.

फोन संपल्यावर मंगलनं विचारलं, "काय म्हणाली आई?"

"आधी काहीच न्हाय. मंग पत्ता मागितला."

सोमवारी आम्ही परत निघालो. भाभींनी सांदणं बांधून दिली. यानचं चौकीतलं काम शनिवार-रविवारपुरतंच असल्यानं तो काही भेटला नाही. मंगलनं त्याचा बांगडे खातानाचा एक फोटो काढून ठेवला होता, तो तिनं गाडीतूनच निखिलला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. रेवदंड्याच्या पुलावर तिनं मागं वळून पाहिलं, समुद्र संपेपर्यंत.

गावी सगळे विचारतात, काय काय बघितलं? मी समुद्र सांगतो, सुरू सांगतो, चष्म्याची गोष्ट तिखटमीठ लावून सांगतो. खरं सांगायचं तर मी तिथं निखिललाच बघून आलो. तो न येण्यामागं कंटाळा नाही, तुटलेपण नाही, एवढं कळायला मला काशीदपर्यंत जावं लागलं. आणि हे कळल्यानं आठवण काही कमी झाली नाही.

तीन आठवड्यांनी निखिलचा फोन आला. मंगलनं तो मोठ्या आवाजावर लावला.

"आई, काल माझ्याकडं एक बाई आल्या होत्या. ट्रेननं, मांडीवर पातेलं घेऊन. वाटाण्याचं घट्ट सूप. चमचा उभा राहील इतकं घट्ट. मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या."

"आवडलं का तुला?" मंगल म्हणाली. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. ती काही विचारणार नव्हती.

"आवडलं. त्यांचा मुलगा तुमच्याकडं जेवला म्हणाल्या, मग त्यांना तू पाठवलेला फोटो दाखवला. खूप वेळ बघत होत्या. केस वाढलेत म्हणाल्या. जाताना दारात थांबल्या आणि मला विचारलं, तो घरी कधी येणार, ते तुझ्या आईला काही बोललाय का?"

"मग तू काय सांगितलंस?" हे मी विचारलं.

"मी काय सांगणार? म्हणालो, काम असतं, रजा मिळत नाही. त्यांनी नुसती मान डोलावली." तो थांबला. "बाबा, मी रजा नाही म्हणतो तेव्हा तुम्हीपण तिकडं अशीच मान डोलावता का?"

मी मान डोलावली. फोनवर ती त्याला दिसली नाही.