माझ्या वाटचा विश्वास

“आधी चहा घे. देव कुठं पळून जात न्हाई,” असं म्हणत मामा समोरच्याच्या हातात पेला द्यायचे आणि तो रिकामा होईपर्यंत एक शब्द ऐकून घ्यायचे नाहीत. प्रश्न कितीही मोठा असो. मुलगा बोलत नाही, उपासनेत मन लागत नाही, प्रार्थना छताला आपटून परत येते; सगळ्यावर आधी चहा.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सानपाड्यात एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. रविवारी सकाळी निळे पडदे ओढले की आत पाण्याखाली असल्यासारखा उजेड पडतो आणि पंख्यांच्या घरघरीत गाणी लांबून आल्यासारखी वाटतात. मामा मंडळीतले एक वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी. मूळचे नगरकडचे, तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते नेमके कुणाचे सख्खे मामा, हे कुणालाच माहीत नव्हतं. उपासना चालवायला नवे तरुण पाळकसाहेब गिटार आणि प्रोजेक्टर घेऊन आले तेव्हा जुनी माणसं रुसली. मामांनी त्या सगळ्यांनाही चहा पाजला. “पोरगं बरं हाय. जरा जोरात वाजवतं, एवढंच,” म्हणाले.

माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, त्यानंतरची गोष्ट. आमच्याकडे दर रविवारी मतांगीकार म्हणतात. आपला कशाकशावर विश्वास आहे ते सगळ्यांनी उभं राहून एका सुरात म्हणायचं. मला लहानपणापासून तोंडपाठ. त्या रविवारी ‘मी विश्वास ठेवते’ एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खोटं बोलायला इथे कशाला यायचं, असं वाटलं. मंडळी सोडायची हे ठरवूनच मी मामांकडे गेले. चहा झाला. मग सांगितलं.

“हात्तिच्या! मग नको म्हणू,” ते म्हणाले. “नुसती उभी राहा. तुझ्या वाटचं म्या म्हणतो.”

मला वाटलं, समजूत काढायची एक पद्धत. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. पण पुढच्या रविवारी मतांगीकार संपला, सगळे खाली बसले आणि मामा उभेच. डोळे मिटून त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, घाईघाईत, पुटपुटत, गाडी चुकणार असल्यासारखं. पाळकसाहेब पुस्तक उघडून थांबले. “आमेन” म्हणून मामा बसले आणि माझ्याकडे न बघता शर्टाची बाही सारखी करू लागले. मला हसू फुटलं. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि मग रडूही आवरेना.

कितीतरी महिने हे चाललं. मुलं खुसखुसायची, मामी त्यांच्यावर डोळे वटारायच्या. माझे शब्द कधी परत आले ते मला नीट सांगता येणार नाही. एका रविवारी माझाच आवाज मला ऐकू आला. त्या दिवशी मामा एकदाच म्हणून बसले.

मग मामी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. पुढच्या रविवारी मामा आले, मतांगीकाराला उभे राहिले आणि गप्प राहिले. सगळ्या हॉलला ते कळलं. मतांगीकार संपला तरी कुणी बसेना. पाळकसाहेबांनी पुन्हा पहिला शब्द उच्चारला आणि अख्खी मंडळी मामांच्या वाटचं म्हणू लागली. मीसुद्धा. मला तर वाटलं, स्वर्ग स्वर्ग म्हणतात तो हाच. डोळे उघडून पाहिलं, तर मामा दाराबाहेर पडत होते.

त्यानंतर ते आले नाहीत. आमची मंडळी प्रेमळ, त्यामुळे स्वस्थ बसेना. त्यांच्या घरी प्रार्थनासभा झाल्या, गाणी झाली. मामा दार उघडून सगळ्यांना आमच्या रीतीने ‘सलाम’ करायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन उभे राहायचे. मी एकटी गेले तेव्हा म्हणाले, “तुमी सगळे एका सुरात म्हणाला अन् म्या एकटाच पल्याड राहिलो. लई एकटं वाटलं, पोरी.” थोड्या वेळाने म्हणाले, “देव कुठं पळून जात न्हाई, म्हणायचो ना म्या? गेला बघ.”

रविवारी ते उरणच्या नव्या लोकलगाडीत बसून जायचे आणि तसेच परत यायचे. “तिला दाखवायची राहिली ही गाडी,” एवढंच त्यांचं कारण. मी सोबत जाऊ लागले. डबा रिकामा असायचा. खारफुटी, खाडीचं पाणी, मिठागरं, मग रंगीत कंटेनरचे ढीग, सगळं सकाळच्या धुरकट उजेडात तरंगत मागे जायचं. मधेच माझा डोळा लागायचा आणि जाग आल्यावर आपण जातोय की परततोय, ते कळायचं नाही. माझी उपासना बुडत होती, पण मनाला टोचणी म्हणून नव्हती.

एका रविवारी पाळकसाहेब नेरूळला आमच्या डब्यात चढले, उपासना दुसऱ्या वडिलांवर सोपवून. हातात बायबल नव्हतं, उकडलेल्या शेंगांची पुडी होती. मामांनी सरकून त्यांना खिडकी दिली. उरण येईपर्यंत शेंगा संपल्या. मग मामांनीच विषय काढला.

“साहेब, माझ्या मातीला काय बोलाल? पक्का विश्वासू होता, असं ठोकून देऊ नका. मला काय तिथं उठून न्हाई म्हणता येणार न्हाई.”

“नाही बोलणार तसं, मामा.”

“मग काय बोलाल?”

पाळकसाहेबांनी रिकाम्या पुडीची घडी करून ती खिशात ठेवली. “अजून माहीत नाही,” म्हणाले.

“हे बरं बोललात,” मामा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता.

मामा गेले ते झोपेतच. दफनभूमीत सगळी मंडळी आली होती. पेटी खाली उतरली आणि मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. आता काहीतरी गोड बोललं जाणार आणि मामा कायमचे खोटे पडणार. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं.

“मामांचा शेवटी विश्वास होता की नव्हता, मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “ते आमच्याशी खोटं बोलले नाहीत, म्हणून मीही बोलणार नाही. ते आमचे होते, एवढं मला माहीत आहे.”

अशा वेळी गाणं सुरू करणाऱ्या एक बाई आमच्यात आहेत. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि काही न म्हणता त्या मातीच्या ढिगाशेजारी खाली बसल्या. मग पाळकसाहेब बसले. एकेक करत आम्ही सगळेच जमिनीवर बसलो, आणि ऊन कलेपर्यंत कुणीच काही म्हटलं नाही.