नववं पाऊल

भोसरीच्या आमच्या कारखान्यात, तापलेलं लोखंड ठोकायच्या फोर्जिंग शॉपमध्ये, जेवणाच्या सुट्टीत मी आवाज काढून कॉमिक वाचायचो. त्यातल्या बर्फाळ देशाच्या हातोडावाल्या देवाला भविष्य आधीच सांगितलेलं होतं: महासर्पाला मारशील, नऊ पावलं चालशील आणि मरशील. तरी तो लढायला जायचा. नवव्या पावलाला मी धाडकन पडायचो आणि सगळे ओरडायचे, "राव, परत मरा!"

शॉप बंद होणार, हेही आम्हाला आधीच सांगितलं होतं. एकेक जण निघून गेला. शेवटच्या दिवशी मशीन थंडावल्यावर मी एकटाच उरलो. नऊ पावलं मोजली, पडलो आणि सवयीने थांबलो. कोणीच ओरडलं नाही.

दारातून वॉचमन म्हणाला, "काका, लागलं का?"

"मेलो!"

"बरं. उठा आता, कुलूप लावायचंय."