सगळे फोटो गेल्या मंगळवारचे

फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याकडं किस्से आपोआप साठतात. चहाला बसलं की मित्र म्हणतात, "सांग की एखादा!" लग्नातले, बारशातले लई होते माझ्याकडं. पण कॉम्प्युटर बदलल्यापासून किस्से लोक सांगतात, आणि माझ्यावरच सांगतात.

धाराशिवकडच्या वाशीत आमचा स्टुडिओ. मी आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे शिवाप्पा, दोघांचा मिळून. फोटो मी काढायचो. आप्पा रोज दुपारी एकेका फोटोला माणसांची नावं, गाव, कार्यक्रम टाइप करायचे. ते डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला लेकीकडं गेले, तेव्हा म्हटलं, परत येईस्तोवर नवा कॉम्प्युटर लावून त्यांना चकित करावं. जागा कमी लागावी म्हणून एका फुकटच्या सॉफ्टवेअरनं सगळे फोटो लहान करून नव्यात टाकले आणि जुना कॉम्प्युटर भंगारात दिला.

चकित तर केलंच!

*

पहिले आले एक रिटायर गुरुजी. स्क्रीनकडं बघत राहिले.

"आमच्या आईचा दहावा आन् नातवाचं बारसं एकाच दिवशी? ते बी गेल्या मंगळवारी?"

सगळ्याच फोटोंवर मंगळवार होता, मी ते लहान केले तो. नावं तर एकावरही न्हाईत.

*

धाराशिवहून रिपेअरवाला बोलावला. म्हणाला, "काका, फोटो आलेत, मेटाडेटा उडालाय."

"म्हणजे काय?"

"तारीख, नावं, फोटोच्या आत लिहिलेलं असतं ते. लहान करताना 'माहिती राखा' म्हणून एक चौकोन असतो. त्यात टिक करायची असती."

"आता काय करायचं?"

"जुना कॉम्प्युटर आणा."

भंगारवाल्याकडं पळालो. तो म्हणाला, "त्याचे तुकडे झाले कवाच!"

*

आमच्या गिऱ्हाईक कमलबाईंचा दिराशी विहिरीवरून वाद. दीर म्हणायचा, विहीर वाटणीनंतरची, माझी एकट्याची. वाटणीआधीच्या विहिरीच्या पूजेचा फोटो आमच्याकडं होता, पूर्वी तारखेसकट. तो त्यांनी नव्या कॉम्प्युटरमधून घेऊन कोर्टात नेला.

दिराचा वकील हसला. "बाई, फाइलीवर तर आत्ताची तारीख आहे."

"आवं, फोटोत माझे मालक उभे हायेत! त्यांना जाऊन सहा वर्सं झाली. आत्ता कसे उभे राहतील?"

"तेच तर म्हणतोय मी. फोटो बनावट आहे."

*

सास्तूरहून एक बाई आली. तिचा भाऊ बँडमध्ये वाजवायचा. महिन्यापूर्वी वारला. स्वतःचा फोटो त्यानं कधी काढलाच न्हवता. पण आप्पा बँडवाल्यांचीसुद्धा नावं टाकायचे. ती नावं राहिली असती तर नाव टाइप केलं की चेहरा समोर!

आता ती बाई तीन दिवस स्टुडिओत बसून परक्यांची लग्नं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबली. पडद्यावर बँडची रांग होती. तिनं ज्याच्यावर बोट ठेवलं, त्याचं तोंड बाजाच्या मागं झाकलेलं.

"हाच का तुमचा भाऊ?" मी विचारलं.

"बोटं त्याचीच हायेत," म्हणाली आणि प्रिंट पदरात गुंडाळून गेली.

*

आप्पा परत आले. मी सगळं सांगितलं. पाया पडलो. त्यांनी खुर्ची ओढली, पहिला फोटो उघडला आणि आठवून आठवून नावं टाइप करायला लागले. रोज दुपारी, कित्येक महिने. माझ्याशी बोलणं कामापुरतं.

मी गुपचूप गिऱ्हाइकांना विचारून तपासायचो. एक नाव चुकलेलं न्हाय! कुणाची मावशी, कुणाचा आचारी, मांडववाल्याचा गडी, सगळे बरोबर.

परवा आप्पा घरी गेल्यावर आमच्या स्टुडिओच्या उद्घाटनाचा फोटो उघडला. फीत कापणारे पाहुणे, पेढे वाटणारी माझी आई, शेजारचा शिंपी, सगळ्यांची नावं होती. मधोमध आप्पा, त्यांच्या खांद्यावर हात टाकून मी.

माझ्या जागी आप्पांनी टाइप केलं होतं, "ओळखीचा न्हाय."