मोहोळाखालची मूठमाती

आमच्या दफनभूमीत जागा नाही, हे वाक्य मी फोनवर इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतही बोलेन. जमीन इंग्रजांच्या काळातली. तेव्हा ती नाशिकच्या बाहेर होती म्हणे, आता चारही बाजूंच्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून लोक आमच्या कबरी बघत कपडे वाळत घालतात. नवी कबर खणायला कोपरा उरलेला नाही. ज्यांच्या घरची जुनी कबर आहे त्यांनी तीच उघडायची आणि आपलं माणूस आपल्याच माणसांच्या वर ठेवायचं, अशी रीत पडली आहे. लोक चिडतात, ओळखी काढतात, कुणाकुणाचे फोन आणतात. मी ऐकून घेते आणि पुन्हा तेच वाक्य बोलते.

मी या दफनभूमीच्या कमिटीची सेक्रेटरी. म्हणजे गाजरगवत उपटून घ्यायचं, बकऱ्या हाकलायच्या, लग्नाआधीचे फोटो काढायला जुन्या संगमरवरी थडग्यांवर चढलेल्या जोडप्यांना खाली उतरवायचं आणि वडाच्या पारंब्या दगडांच्या सांध्यांत शिरायच्या आत कापून घ्यायच्या. आधी मी अंबडच्या कारखान्यात तयार माल तपासायची. खोट दिसली की माल बाजूला काढायचा, समोर कोण उभा आहे ते बघायचं नाही. ती सवय तिथली, तोंडही तिथलंच.

वड आमच्या सर्वांत जुन्या भागात आहे. दर वर्षी पाऊस सरला की त्याच्या आडव्या फांदीला आग्या मोहोळ लागतं. एका वर्षी त्याच्याखाली एक दफन होतं आणि मयताच्या पुतण्याने अगरबत्तीचा अख्खा पुडा एकदम पेटवला. धूर वर गेला आणि माशा खाली आल्या. खांदेकरी पेटी तिथंच टाकून पळाले. पाळकसाहेब झग्यासकट भिंतीवरून पलीकडे गेले. एका वयस्क गृहस्थांना पळता आलं नाही, त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि ते वाचले ते नशिबाने. पेटी संध्याकाळपर्यंत उघड्यावर होती. तिच्यावर माशा बसलेल्या मी लांबून बघत होते, आणि तेव्हाच ठरवलं की हे मोहोळ काढायचं.

ते काढू दिलं नाही मामांनी.

मामा आमच्या सगळ्या मंडळीचे मामा. दफनाच्या वेळी गाणं उचलायचं काम त्यांचं. कबरीच्या उशाला उभं राहायचं, घसा साफ करायचा, डोळे मिटून पहिली ओळ एकट्याने म्हणायची, मग दुसरी ओळ सगळ्यांनी मिळून. आमच्यातलं असं घर नव्हतं की ज्याच्या मातीला मामांनी गाणं उचललेलं नाही. त्यामुळे कमिटीत त्यांना कुणी नाही म्हणत नसे. "त्या माशा आपल्या आधीपासून इथं येतायत," ते म्हणाले. "भाडं बुडवत नाहीत, जागा मागत नाहीत. तुला त्रास अगरबत्तीचा आहे, अगरबत्ती बंद कर." बैठकीत सगळे हसले आणि मोहोळ राहिलं. दर वर्षी मी हा विषय काढायची आणि दर वर्षी हरायची.

माझं आणि त्यांचं आणखी एका बाबतीत जमत नसे. मी बेसूर आहे. मामांना ते सहन होत नसे. गाणं चालू असताना ते एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचे आणि नंतर हळूच सांगायचे, "पोरी, तू नुसते ओठ हलव. देवाला पोचतं." मी नुसते ओठ हलवायची. माझ्या स्वतःच्या आईच्या मातीलासुद्धा मी नुसते ओठ हलवले.

डिसेंबरात मामा गेले. त्यांच्या घरची कबर वडाखाली, बरोबर त्या फांदीच्या खाली. आत त्यांची आई आहे, आणि मामा-मामींचा पहिला मुलगा, जो महिनाभरही जगला नव्हता. गावाबाहेरच्या दुसऱ्या दफनभूमीत ठेवू का, हे मी मामींना विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

खोदणारा सायखेड्याचा. मी त्याला उन्हं उतरल्यावर यायला सांगितलं. त्याने येताना कातळ फोडायचा ब्रेकर आणला होता, कारण आमच्याकडे वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळच, जुनी कबर रुंद करतानाही तो लागतोच. वर बघितलं आणि तो म्हणाला, "ताई, हे लय वंगाळ काम हाय. धूर करतो, पळून जातील."

"पळून कुठं जातील ते मी बघितलंय," मी म्हणाले. "ब्रेकर टेम्पोतच ठेव. हातानेच खणायचं."

तो खणत होता आणि मी वर बघत होते. मोहोळ सुपापेक्षा मोठं, काळंशार, वरकरणी मेल्यासारखं गप्प. पहार दगडावर जरा जोरात बसली की त्याच्यावरून वरून खाली एक चमक सरकायची. हजारो माशा एकीपाठोपाठ एक शेपट्या उचलतात, तेव्हा ती तशी दिसते. ती दिसली की मी हात वर करायची आणि तो पहार तशीच धरून थांबायचा. अंधार पडेपर्यंत आमचं असंच चाललं. माझी मान आखडली होती आणि त्याच्या कपाळावरून त्या गारठ्यात घाम निथळत होता.

आता प्रश्न दुसऱ्या दिवसाचा होता. पहाटेच्या थंडीत आग्या माशा जागच्या हलत नाहीत, ऊन अंगावर आलं की उठतात. म्हणून माती सूर्य वर यायच्या आत द्यायची, असं मी ठरवलं आणि मामांच्या घरी जाऊन सगळ्यांना बजावलं. अगरबत्ती नाही, मेणबत्ती नाही, पेटीवर अत्तर शिंपडायचं नाही, सेंट मारून यायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही.

"आणि गाणं?" मामींनी विचारलं.

"गाणंही नाही, मामी."

खोलीतलं रडणं एकदम थांबलं. "त्यांनी सगळ्यांना गाऊन पोचवलं," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना मुकं पाठवायचं?"

गाण्याने माशा उठतात का, ते मला खरंच ठाऊक नव्हतं. पण सगळी मंडळी एका सुरात गायला लागली की वडाखाली काय होईल, याची खात्री मला कोण देणार होतं? गर्दीत लहान मुलं असणार, काठी टेकत आलेली माणसं असणार. त्यांच्यातलं एक जरी गेलं असतं तर ते माझ्यावर होतं. "नाही मामी," मी पुन्हा म्हणाले. घरी जाताना मला मामांचा भयंकर राग आला. त्यांच्याच हट्टापायी हे सगळं, आणि नाही म्हणायचं काम माझ्या गळ्यात घालून ते निघून गेले.

पहाटे मफलर, स्वेटर, शाली घालून सगळे आले. कुणी बोलत नव्हतं. फक्त मामांचा धाकटा मुलगा आला नव्हता. तो बंगळुरूहून मुंबईला उतरून रात्रीच निघाला होता आणि कसाऱ्याच्या घाटात ट्रक आडवा झाल्यामुळे अडकला होता. मामींनी पेटीवर हात ठेवला. "तो आल्याशिवाय झाकण लावायचं नाही."

आम्ही थांबलो. पूर्वेच्या इमारतीवरची पाण्याची टाकी आधी तांबूस झाली, मग पिवळी. वडाच्या शेंड्याच्या पानांवर ऊन आलं. मी मोहोळ आणि ते ऊन यांच्यामधल्या फांद्या बघत होते. पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "आता काय करायचं?" त्यांची नजर भिंतीकडे होती. ऊन आणखी एका फांदीवर उतरलं तेव्हा झाकण लावा असं सांगायला मी पुढे झाले, आणि तेवढ्यात फाटकातून मुलगा पळत आत आला. मी हात वर करून त्याला थांबवलं. बापाच्या मयताला आलेल्या पोराला मी पळू नकोस असं खुणेने सांगितलं, आणि तो बिचारा चालत आला.

पाळकसाहेबांनी प्रार्थना ओठातल्या ओठात म्हटली. दोरांवरून पेटी उतरताना तिचा कोपरा कातळाला लागला आणि ठक्‌ असा आवाज झाला. मोहोळावरून चमक सरकली. सगळे जागच्या जागी उभे राहिले. एक माशी खाली आली, मामींच्या पांढऱ्या शालीवर बसली, चार पावलं चालली. मुलाचा हात ती झटकायला उठला, तो मी मनगटाशी पकडला. माशी उडाली आणि वर गेली.

मग मूठमाती. पेपरात हा शब्द एखादी गोष्ट कायमची संपवली असं सांगायला वापरतात. आमच्याकडे मूठमाती म्हणजे मूठभर मातीच. प्रत्येकजण वाकून, अलगद, आवाज होणार नाही अशी टाकत होता. मामी शेवटी आल्या. त्यांनी मूठ सोडली आणि त्याच श्वासात गाणं उचललं.

आवाज खालचा होता, चिरका, पण सूर मामांचाच. पहिली ओळ संपली. दुसरी ओळ सगळ्यांची असते. कुणीच म्हटली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण तोंडं मी बंद केली होती. मामी थांबल्या आणि त्यांनी पहिलीच ओळ पुन्हा म्हटली, या वेळी आणखी हळू. मोहोळाच्या वरच्या कडेला ऊन लागलं होतं. ही बाई तिसऱ्यांदा म्हणणार नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

दुसरी ओळ मी म्हटली. नुसते ओठ हलवले नाहीत. सूर कुठल्या कुठे गेला, मला स्वतःलाच ते ऐकवेना. पण माझ्यामागे मुलाने धरलं, मग पाळकसाहेबांनी, मग बाकीच्यांनी, अंगाई म्हणावी इतक्या हळू. मी पूर्ण वेळ वर बघत गात होते. चमक एकदा सरकली, पुन्हा सरकली. मामांनी कधी एक कडवं गाळू दिलं नव्हतं, म्हणून सगळी कडवी म्हटली. मग मी हाताने खूण केली आणि मंडळी पाऊल न वाजवता फाटकाकडे निघाली. मागे खोदणारा फावडं जमिनीलगत धरून माती लोटत होता. माशा बसूनच होत्या.

फाटकाशी मामींनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला अजून माती होती. "किती बेसूर गातेस गं," त्या म्हणाल्या. "हे असते तर पहिल्याच ओळीला थांबवलं असतं तुला."

"हो, थांबवलं असतं," मी म्हणाले. आता मला कुणी थांबवणार नाही हे तेव्हा कळलं, आणि फाटकाला धरून मी मोठ्याने रडले.