गप्प करणारी पुडी

नाशकात तुम्ही आमच्या शेजारच्या सरांशी कशावरूनही बोलायला लागा, तिसऱ्या वाक्याला ते पेशीच्या पोटात शिरतात आणि बाहेर यायचं नाव घेत नाहीत. कॉलेजातून निवृत्त झाले, पण वर्ग काही सुटला नाही. तो आता गंगापूर रोडवर आमच्या जिन्यात भरतो. पेशी म्हणे चरबीच्या इवल्याशा पुड्या बांधून बाहेर सोडतात. त्यांत आरएनएचे बारीक तुकडे असतात. पुडी शेजारच्या पेशीत पोचली की तो तुकडा तिथलं एखादं काम थांबवतो. "'हे कर' असं तो सांगत नाही हो, 'आता पुरे' एवढंच सांगतो!" हे मी हातात ठिबकती दुधाची पिशवी घेऊन ऐकायचं. पंचवटीत भाजीवालीला त्यांनी मेथीच्या पेशी समजावल्या, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, जुडी घ्यायची तर घ्या, मागं गिऱ्हाइक उभं हाय."

सरांची बायको, आमच्या काकू, होत्या तोवर ठीक होतं. सर फारच रंगात आले की त्या काही न बोलता त्यांच्या तळहातावर एक वेलदोडा ठेवायच्या. सर वाक्य अर्धं टाकून गप्प! गेल्या वर्षी काकू गेल्या आणि त्यांना आवरणारं कुणी उरलं नाही. आता सोसायटीतले लोक त्यांना लांबून पाहूनच फोन कानाला लावतात. ऐकणारा उरलो मी एकटा, आणि खरं सांगतो, मीही विटलो होतो.

परवा त्यांना दिंडोरीला एका जुन्या विद्यार्थ्याच्या द्राक्षबागेत घेऊन गेलो. आभाळ भरून आलेलं, ट्रॅक्टरला फवारणीचा पंप जोडलेला, जेवून हात धुतले तरी सरांचं चालूच: झाडाची पेशी अशा पुड्या बुरशीत धाडून तिची कामं कशी बंद पाडते. विद्यार्थ्याने हात जोडले. "सर, लय भारी हाय हे. पण आज फवारू का नको?"

"तेच तर सांगतोय!" म्हणत सर पुन्हा पहिल्यापासून. यांना एकदा घरी सोडायचं आणि परत यांच्या वाटेला जायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

तेवढ्यात विद्यार्थ्याची बायको आली आणि जेवणानंतरच्या रीतीप्रमाणे तिने सरांच्या हातावर वेलदोडा ठेवला. तिला बिचारीला काय ठाऊक! सर बोलता बोलता थांबले. तळहाताकडे बघत राहिले. मग मूठ मिटली, ती गाडीत बसल्यावरही उघडली नाही.

मला हवी होती ती शांतता मिळाली, आणि ती मलाच सोसवेना. परतताना नाशकाच्या वेशीवरचं म्हसरूळ आलं तेव्हा सुचेल ते विचारलं, "सर, धाडणारी पेशीच मेली, तरी पुडी पोचते का हो?"

सरांनी मूठ उघडून पाहिली.

"पोचते," ते म्हणाले. वेलदोडा जपून खिशात ठेवला, घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. घरापर्यंत मी गाडी मुद्दाम हळू चालवली.